पांढऱ्या बॉक्सर पिल्लांना घर शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका कुटुंबातल्या बॉक्सर जातीच्या कुत्रीला सात पिल्ले झाली, पाच बदामी आणि दोन पांढरी. पिल्ले आता पाच आठवड्यांची आहेत. बदामी पाचांना मागणी आहे. पांढऱ्यांबद्दल एकाने सांगितले, 'ही आजारीच निघतात, झोपवून टाका.' दुसरा म्हणतोय, 'रेअर व्हाइट बॉक्सर आहे, मला द्या, चांगले पैसे देतो.' कोणाचे ऐकायचे आणि या दोघांना घर कसे शोधायचे?

दोघांचेही ऐकू नका. दोघेही फक्त रंग बघताहेत. तुम्हाला बघायचाय तो कुत्रा, आणि त्याची सुरुवात त्याला ऐकू येते की नाही हे तपासण्यापासून होते. पण आधी रंगाबद्दलचे गैरसमज दूर करू, कारण घर शोधताना प्रत्येक फोनवर तुम्हाला हेच समजावून सांगावे लागणार आहे.

पांढरा बॉक्सर अल्बिनो नसतो. त्याच्या नाकावर काळेपणा असतो, डोळे बहुधा तपकिरी असतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळून निघून अंगभर पसरतात. पांढरेपणाच्या जनुकाच्या दोन प्रती मिळालेल्या पिल्लात त्या नीट पसरत नाहीत, एवढेच. एक प्रत असेल तर छाती, पाय आणि चेहरा पांढरा असलेला, बॉक्सरवाले ज्याला 'फ्लॅशी' म्हणतात तो कुत्रा होतो. असे दोन फ्लॅशी एकत्र आणले की सरासरी चारातले एक पिल्लू पांढरे निघते. सातात दोन म्हणजे अगदी अपेक्षेप्रमाणे झाले. तुमच्या मादीत किंवा नरात काही खोट नाही. प्रदर्शनाच्या नियमांत अंगाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पांढरा रंग बाद धरतात, म्हणून ब्रीडर नाक मुरडतात. घरात राहणाऱ्या कुत्र्याला त्या नियमाशी काही देणेघेणे नाही.

'झोपवून टाका' म्हणणाऱ्याला सांगा की निरोगी पिल्लू मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि रस्त्यावर सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली.

'रेअर' म्हणणाऱ्यापासून मात्र जास्त सावध राहा. पांढरा बॉक्सर दुर्मीळ नाही. मग त्याला कशाला हवाय? पांढऱ्या मादीवर अंगावर पांढरे नसलेला नर चढवला, तर सगळीच्या सगळी पिल्ले फ्लॅशी होतात, आणि फ्लॅशी पिल्लांना बाजारात भाव आहे. घरगुती ब्रीडरला हे गणित पक्के ठाऊक असते. फोनवर पहिल्याच मिनिटाला 'मादी आहे का?', 'पेपर आहेत का?' किंवा 'नसबंदी झाली नाही ना?' असे विचारणारा बहुतेक वेळा यासाठीच विचारत असतो. त्या मादीच्या वाट्याला पुढची सहा-सात वर्षे पिंजरा आणि वेत एवढेच येते. अशा माणसाला नम्रपणे नकार द्या आणि नंबर ब्लॉक करा, कारण तो आठवड्याने भावाच्या किंवा बायकोच्या नावाने पुन्हा फोन करतो.

आता कानांकडे वळू. रंगाच्या त्याच पेशी आतल्या कानातही लागतात. तिथे त्या पोचल्या नाहीत तर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ऐकण्याच्या पेशी मरतात आणि तो कान कायमचा जातो. पांढऱ्या बॉक्सरांत साधारण पाचातल्या एकाच्या बाबतीत हे घडते. म्हणजे बहुसंख्यांना व्यवस्थित ऐकू येते, पण तपासल्याशिवाय देता येत नाही. 'बेअर' नावाची तपासणी प्रत्येक कानाचा वेगळा निकाल देते आणि ती पाच-सहा आठवड्यांनंतर करता येते. तुमच्या डॉक्टरांना ती कुठे होते ते विचारा. ती जमो वा न जमो, घरची चाचणी या आठवड्यातच करा.

पिल्लू एकटे, दुसऱ्या खोलीत न्या. भावंडांत असताना ते त्यांच्याकडे बघून उठते आणि आपण 'ऐकले' असे धरतो. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. गोधडीची चौघडी घालून त्यावर त्याला झोपू द्या, म्हणजे फरशीचा हादरा पोचणार नाही. गाढ झोपले की त्याच्या मागे तीन-चार फुटांवर, त्याला दिसणार नाही असे उभे राहा. स्टीलच्या डब्यात मूठभर हरभऱ्याची डाळ घालून एकदाच खुळखुळवा. टाळी वाजवू नका, दार आपटू नका. त्यांचा वारा आणि हादरा अंगाला जाणवतो. ऐकू येणाऱ्या पिल्लाचा आधी कान हलतो, मग डोके. काहीच झाले नाही तर दहा मिनिटांनी किल्ल्यांचा जुडगा, नंतर शिट्टी. एकच आवाज पुन्हापुन्हा वाजवला तर ऐकू येणारे पिल्लूही दुर्लक्ष करू लागते. हेच तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि प्रत्येक पिल्लाचे वेगळ्या ओळीत लिहून ठेवा. पाचही बदामी पिल्लांचीही चाचणी घ्या. तुलनेला उपयोग होतो.

एका कानाचा बहिरेपणा या चाचणीत सहसा सुटतो. त्याची खूण अशी: जागे असताना आवाज आला की पिल्लू दचकते, पण भलत्याच दिशेला बघते. आणि झोपताना चांगला कान गोधडीत दबला असेल तर उठत नाही, कूस बदलून झोपले की त्याच आवाजाला पटकन उठते. अशा पिल्लाला जगण्यात काही अडचण येत नाही. फक्त हाक कुठून आली हे कळत नाही, एवढे नव्या घराला सांगा.

समजा दोनातले एक पूर्ण बहिरे निघाले. मग पुढचे तीन आठवडे वाया घालवू नका, कारण घर मिळण्याची शक्यता तुम्ही त्याला काय शिकवता त्यावर ठरते. सगळ्यात आधी झोपेतून उठवणे. हात त्याच्या नाकासमोर धरा, वास येऊ द्या, मग खांद्याला हलका स्पर्श करा, डोळे उघडताच उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा द्या. दिवसातून आठ-दहा वेळा, घरातल्या प्रत्येकाने. झोपेत अचानक हात लावल्यावर दचकून चावणारा बहिरा कुत्रा जन्मतः तसा नसतो, त्याला हे कोणी शिकवलेले नसते. दुसरी गोष्ट 'माझ्याकडे बघ'. खांद्याला स्पर्श, त्याने वळून तोंडाकडे पाहिले की लगेच अंगठा वर आणि खाऊ. वर केलेला अंगठा म्हणजे 'शाब्बास'. हा पाया पक्का झाला की 'बस', 'ये', 'थांब' आणि 'नको' यांच्या खुणा. खुणा कोणत्याही चालतील, पण घरात सगळ्यांच्या सारख्या हव्यात आणि कागदावर लिहिलेल्या हव्यात, कारण तो कागद पिल्लाबरोबर जाणार आहे.

परदेशी व्हिडिओंत बहिऱ्या कुत्र्याला बोलवायला जमिनीवर पाय आपटायला सांगतात. ते लाकडी जमिनीवर चालते. आपल्या फ्लॅटच्या स्लॅबवरच्या फरशीवर कितीही आपटा, बोलावण्याइतका हादरा पोचत नाही. त्यापेक्षा खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू करा. दिवसाउजेडी मात्र जवळ जाण्याला पर्याय नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो: हे पिल्लू भावंडांना जोरात चावेल. दुसऱ्याचे केकाटणे त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे किती जोर फार झाला हे कळत नाही. ते आक्रमक आहे म्हणून कोणाला घाबरवू नका. दात लागला की खेळ थांबवायचा, वीस सेकंद पाठ फिरवायची, पुन्हा खेळायचे. आठवड्याभरात फरक पडतो.

आता कोणते घर. पुण्यात चौकश्या साधारण तीन प्रकारच्या येतात. सोसायटीतल्या फ्लॅटमधले कुटुंब, आयटीत नोकरी करणारे तरुण जोडपे, आणि 'आमचे फार्महाऊस आहे, भरपूर जागा आहे' म्हणणारे. यातली तिसरी चौकशी ऐकायला सगळ्यात गोड वाटते आणि बॉक्सरसाठी बहुतेक वेळा तीच सगळ्यात वाईट असते. मुळशी किंवा पानशेतकडच्या शेतघरात माणसे शनिवार-रविवारी जातात, बाकीचे पाच दिवस कुत्रा साखळीला आणि राखणदाराच्या भरवशावर असतो. बॉक्सरचे केस आखूड, तोंड चपटे. त्याला मेमधले ऊनही सोसत नाही आणि जानेवारीतली थंडीही. आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत रात्री बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्याच्या तोंडी जातो हे त्या भागात कोणालाही विचारा. बहिऱ्या कुत्र्याला तर चाहूलही लागणार नाही. कुटुंब तिथे रोज राहते आणि कुत्रा रात्री घरात झोपेल, असे असेल तरच पुढे बोला.

तरुण जोडप्यांना सरसकट नाकारू नका, पण तीन प्रश्न विचारा. घर भाड्याचे असेल तर मालकाने लेखी होकार दिलाय का? ऑनसाइट जायची वेळ आली तर कुत्रा कोणाकडे राहील, नाव सांगा. आणि दोघेही ऑफिसला गेल्यावर दुपारी कोण येईल? बॉक्सर माणसाला चिकटून राहणारा कुत्रा आहे. रोज दहा तास एकटा ठेवला तर सोफा, दाराची चौकट आणि शेजाऱ्यांची झोप तिन्ही जातात, आणि मग चार महिन्यांनी 'आम्हाला जमत नाही' असा फोन येतो.

कुटुंब असेल तर घरातल्या सगळ्यांशी बोला, विशेषतः दिवसभर घरी असणाऱ्या आजी-आजोबांशी. कॉलेजमधला मुलगा हट्टाने कुत्रा आणतो आणि प्रत्यक्षात त्याला आजी सांभाळते. पंचवीस-तीस किलोचा कुत्रा प्रेमाने अंगावर झेपावला तर सत्तरीतल्या माणसाचे हाड मोडू शकते. आजींनी मनापासून 'चालेल' म्हटले तर ते घर अर्धे पसंत.

सोसायटीचे पदाधिकारी आडवे आले तर घाबरू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही नाही. पांढऱ्या बॉक्सरच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. मार्च २०२४ मध्ये केंद्राने 'हिंस्र' जातींची एक यादी काढली होती. तिच्यात डोगो अर्जेंटिनो हा पांढराशुभ्र कुत्रा होता. ते परिपत्रक पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले, पण व्हॉट्सॲपवर यादी फिरतेच आहे आणि पांढरा, धिप्पाड कुत्रा दिसला की कोणीतरी 'हा डोगो आहे' म्हणून तक्रार करते. बॉक्सर त्या यादीत कधीच नव्हता. डॉक्टरांच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत जात स्पष्ट 'बॉक्सर' लिहून घ्या. नव्या घराने महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवानाही त्याच नावाने काढावा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड यांची व्यवस्था वेगवेगळी आहे, त्यामुळे घर कोणाच्या हद्दीत आहे ते आधी बघायला सांगा.

जाहिरातीत 'मोफत' आणि 'रेअर' हे दोन शब्द कधीच घालू नका. दोन्ही नको ती माणसे ओढतात. फोटो पांढऱ्या फरशीवर काढला तर कुत्रा दिसतच नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात हिरवळीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून काढा. मजकूर असा काहीसा:

'बॉक्सर, मादी, आठ आठवडे. पांढरी, उजव्या डोळ्याभोवती बदामी ठिपका. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. सहा खुणा शिकते आहे. पहिली लस झाली, जंताचे औषध चालू. मोठेपणी पंचवीस किलोच्या आसपास होईल. घरात ठेवणारे, रोज दोनदा पट्ट्यावर फिरवणारे कुटुंब हवे. प्रजननासाठी देणार नाही, नसबंदीचा लेखी करार होईल. घर पाहायला आम्ही येऊ. फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवड.'

बहिरेपण तिसऱ्या वाक्यात आहे, शेवटी नाही. ते लपवून दिलेले पिल्लू परत येते, आणि परत येईपर्यंत 'हाक मारली तरी येत नाही' म्हणून त्याने मार खाल्लेला असतो. जाहिरात वाचून चाळीसऐवजी चारच फोन येतील. ते चार कामाचे असतील.

घर बघायला गेल्यावर बाल्कनीच्या ग्रिलमधून पिल्लाचे डोके जाते का ते पाहा, बंगल्याच्या फाटकाखालची फट पाहा, आणि 'रात्री कुठे झोपेल?' असे विचारून ती जागा दाखवायला सांगा. जागा दाखवताना घरच्यांत वाद झाला तर अजून त्यांचे ठरलेले नाही. बहिऱ्या पिल्लासाठी खालची भटकी कुत्रीही बघून घ्या. त्याला गुरगुरणे ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याने दिलेला इशारा त्याला कळत नाही आणि भांडण होते. तळजाई असो वा वेताळ टेकडी, बहिरा कुत्रा पट्ट्याशिवाय मोकळा सोडायचा नाही. हे ज्याला जाचक वाटते त्याला देऊ नका. दोन्ही पांढरी पिल्ले एकाच घराला देण्याचा मोहही टाळा. ती एकमेकांत रमतात आणि माणसाकडे बघायला शिकत नाहीत. त्यापेक्षा घरात आधीच एक शांत, ऐकू येणारा मोठा कुत्रा असेल तर उत्तम. त्याच्याकडे बघून बहिरे पिल्लू दारावर कोणी आले हेसुद्धा ओळखायला लागते.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू हलवू नका. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांतही विक्रीसाठी हीच मर्यादा आहे. पहिली लस होऊन आठ-दहा दिवस गेलेले असावेत. पार्व्हो या विषाणूजन्य आजारामुळे दगावणारी पिल्ले पाहता नव्या घराला बजावून सांगा: सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली ठेवायचे नाही, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्यायचे, रिक्षा, गर्दी, लहान मुले सगळे दाखवायचे.

करार एका पानाचा पुरे. दोघांच्या ओळखपत्रांची प्रत, पिल्लाचे वर्णन, ऐकण्याच्या चाचणीचा निकाल, नसबंदी कोणत्या महिन्यापर्यंत (वय डॉक्टर ठरवतील, पण महिना लिहा), आणि कोणत्याही कारणाने, कितीही वर्षांनी, ठेवता आले नाही तर तुमच्याकडेच परत. केनेल क्लबचे पेपर, म्हणजे जातीच्या नोंदणीचे कागद, देऊ नका. मायक्रोचिप तुमच्या नावाने बसवून मगच द्या.

सोबत द्यायच्या कागदावर तब्येतीच्या या गोष्टी लिहा. गुलाबी त्वचा उन्हाने भाजते: नाकाचा वरचा भाग, कानांची टोके आणि विशेषतः पोट, कारण बॉक्सर बाल्कनीत उताणे पडून ऊन खातात. वर्षानुवर्षे असे भाजत राहिले तर तिथे कर्करोग होऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतरच फिरवायचे. क्रीम लावायचे तर कुत्र्यांसाठीचे, झिंक ऑक्साइड नसलेले. ते चाटले जाते आणि पोटात गेलेले झिंक विषारी असते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा रंग नसल्याने लाल दिसतो, तो डोळे आल्यामुळे नाही. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या आणि तोंडाच्या घड्या कोरड्या पुसायच्या. गोचीड तापाच्या बाबतीत मात्र पांढरा रंग फायद्याचा आहे: कानामागे, बोटांत चिकटलेली तिळाएवढी गोचीड एका नजरेत दिसते. रोज पाहायची. हृदयाचे आजार आणि गाठी बॉक्सरच्या सगळ्याच रंगांत असतात, म्हणून वर्षातून एकदा हृदय तपासून घ्यायचे. नसबंदीच्या वेळी डॉक्टरांना बॉक्सर ॲसेप्रोमेझिन या गुंगीच्या औषधाला संवेदनशील असतात याची आठवण करून द्यायची. त्यांना माहीत असते, तरी बोलून ठेवलेले बरे. मोठ्या कुत्र्याला महिन्याला दहा-अकरा किलो कोरडे खाणे लागते, दोन वेळांत विभागून, आणि खाल्ल्यावर तासभर धावपळ नाही.

बहिऱ्या पिल्लाच्या गळपट्ट्याला फोन नंबर आणि 'मला ऐकू येत नाही' असे लिहिलेला बिल्ला त्याच दिवशी घाला.

दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी, तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी फोन करा. तिसऱ्या दिवशी 'खात नाही, रडते' हे नेहमीचेच. तीन आठवड्यांनी 'हाताला चावते' हेही चालण्यासारखे. चावण्याचा उपाय पुन्हा समजावून सांगा. पण तीन महिन्यांनी फोटो मागितल्यावर टाळाटाळ झाली तर फोनवर विसंबू नका, जाऊन बघा.

बारा आठवडे होऊनही एखादे पिल्लू राहिले तर निकष सैल करू नका. लहान पिल्लू हवे असणारी माणसे गेलेली असतात, पण चार-पाच महिन्यांचा, शी-शू बाहेर करणारा, खुणेवर बसणारा, झोपेतून उठवले तर शेपूट हलवणारा बॉक्सर हवा असणारी माणसे वेगळी असतात आणि ती उशिराच भेटतात. तोवर शिकवणे चालू ठेवा, दर पंधरा दिवसांनी नवा फोटो टाका. आणि पिल्लांच्या आईची नसबंदी या दोघांचे दूध तुटल्यावर, डॉक्टर सांगतील त्या आठवड्यात उरकून घ्या.